कडक गादीचा समज आणि पिंजलेला कापूस

पाठ दुखते म्हटले की सातारा-सांगलीकडे पहिला सल्ला ठरलेला असतो. गादी काढून टाका, सतरंजीवर झोपा. फारच दुखत असेल तर लाकडी फळी घाला. नवी गादी घ्यायला निघालेले कुटुंबही हाच सल्ला मनात धरून दुकानात शिरते, तळहाताने दाबून पाहते आणि ज्या गादीत हात रुतत नाही ती पाठीला चांगली, असे ठरवून मोकळे होते. लग्नसराईत तर नवरा-नवरीने एकदाही पाठ न टेकलेली गादी कॉटसोबत टेम्पोत चढते. ‘जितकी कडक तितकी चांगली’ या समजाला पुरावा नाही. जो आहे तो उलट बाजूचा आहे. त्या समजाने आपले दुहेरी नुकसान केले. गरजेपेक्षा कडक गाद्या घरात आल्या हे एक. दुसरे असे की गावातल्या गादी कारखान्यात समोर भरून मिळणारी, ताज्या पिंजलेल्या कापसाची गादी जुनाट ठरून माळ्यावर गेली. वास्तविक बहुतेकांच्या पाठीला जो मध्यम आधार लागतो, तो ही गादी चांगला देते आणि आपल्या हवेला ती मानवते. अट एकच, तिचा कापूस वेळेवर पिंजला गेला पाहिजे.

गादीचे काम काय, इथून सुरुवात करू. दिवसभर उभे राहून, बसून, ओझी उचलून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि त्यांतले पाणी बाहेर पडते. रात्री आडवे झाल्यावर भार उतरतो आणि त्या चकत्या पुन्हा पाणी शोषून फुगतात. म्हणूनच माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा साधारण 1 टक्का उंच असतो. साडेपाच फुटी माणसाच्या बाबतीत हा फरक दीड सेंटिमीटरच्या घरात जातो. ही भरपाई नीट व्हायची तर झोपेत पाठीचा कणा त्याच्या मूळ वळणात राहायला हवा. पण आपले शरीर सपाट नाही. खांदे आणि कंबरेखालचा भाग रुंद आणि जड, तर कंबर आत गेलेली. कुशीवर झोपलेल्या माणसाचा खांदा फळीत रुतू शकत नाही, म्हणून सगळा भार खांद्याच्या आणि मांडीच्या हाडावर येतो, मधली कंबर अधांतरी लोंबते आणि तिथले स्नायू रात्रभर ताणलेले राहतात. फारच मऊ गादीत याच्या उलटे होते: जड भाग खोल जातो आणि कणा झोळीसारखा वाकतो. शिवाय हाडाच्या टोकावर एकाच जागी दाब राहिला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, तो भाग बधिर होतो आणि झोपेतच कूस बदलावी लागते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला पाठीवर, टाचेवर जखमा होतात त्याचे मूळ हेच. तेव्हा गादीला दोन कामे एकदम करायची असतात: जड भागाला थोडे आत जाऊ द्यायचे आणि मधल्या भागाला खालून टेकू द्यायचा.

कडक गादीच पाठीला उत्तम, असे वैद्यकातही दीर्घकाळ मानले जात होते. त्याची नीट परीक्षा स्पेनमधल्या संशोधकांनी केली आणि ती 2003 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. जुनाट कंबरदुखी असलेल्या 313 जणांच्या घरी नव्या गाद्या देण्यात आल्या. कुणाला कडक, कुणाला मध्यम, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले आणि आपल्याला कोणती मिळाली हे त्यांना सांगितले नाही. 90 दिवसांनी पाहिले तेव्हा मध्यम गादीवर झोपणाऱ्यांना अंथरुणात पडल्यावरची वेदना, सकाळी उठतानाची वेदना आणि दिवसभराच्या हालचालीतली अडचण, या तिन्हींत अधिक आराम होता. पुढे 2008 मध्ये डेन्मार्कमधल्या 160 रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात पाण्याची गादी, शरीराचा आकार घेणारा फोम आणि कडक फ्युटॉन, म्हणजे जपानी पद्धतीची कापसाची गादी, यांची तुलना होती. कडक गादी इथेही मागे पडली, पण फरक लहान होते. माझ्या मते या दोन्ही अभ्यासांचा अर्थ मर्यादित पण स्पष्ट आहे. गादी बदलली म्हणून कंबरदुखी मुळापासून जात नाही; मात्र फळीसारखी कडक गादी औषध म्हणून घेण्याला आधार उरत नाही. एक अपवाद तेवढा ठामपणे सांगायला हवा. तान्ह्या बाळाला मऊ गादी आणि भोवती उशा धोक्याच्या असतात, त्याचा श्वास अडू शकतो. बाळाला सपाट आणि घट्टच अंथरूण हवे.

यावर आक्षेप येतो तो आजी-आजोबांच्या नावाने. माण-खटावच्या, जत-आटपाडीच्या माणसांनी जन्मभर घोंगड्यावर पाठ टेकली, त्यांच्या पाठी कुठे दुखत होत्या? आक्षेप गंभीरपणे घ्यावा असा आहे, कारण त्यात तथ्य आहे. जमिनीवर उठबस करणारा, उकिडवा बसणारा, रानात वाकून काम करणारा माणूस सांध्यांनी लवचिक आणि अंगाने सडपातळ असतो. त्याला पातळ अंथरूण पुरते. पण त्या पिढीचे अंथरूणही आज समजले जाते तितके कडक नव्हते. खाली चटई किंवा पोते, त्यावर जाड लोकरीचे घोंगडे, त्यावर जुन्या लुगड्यांच्या थरांची वाकळ, असे ते रचलेले असे. दख्खनी मेंढीची राठ लोकर दाबाखाली आडवी होऊन पुन्हा उभी राहते, म्हणजे तिला स्वतःची उसळी आहे. सिमेंटच्या किंवा शहाबादी फरशीवर टाकलेली पातळ सतरंजी आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवरचे हे थर एक नव्हेत. आणि त्या पिढीच्या पाठी दुखत नव्हत्या असेही नाही. तेल चोळून, शेकून, कंबरेला फडके बांधून दुखणे काढले जाई. त्याची नोंद कुणी ठेवली नाही, एवढेच. दिवसाचे आठ तास खुर्चीत किंवा मोटारसायकलवर काढणाऱ्या पन्नाशीच्या माणसाने त्यांच्या अंथरुणाची नक्कल केली म्हणून त्यांची पाठ मिळत नाही.

मग कापसाची गादी या मोजमापात कुठे बसते? कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली चपट्या, पीळ पडलेल्या फितीसारखा दिसतो. या पिळांमुळे तंतू एकमेकांना चिकटून न बसता मधे हवा धरून ठेवतात. पिंजणे म्हणजे दबलेले तंतू सुटे करून ही हवा परत भरणे. पूर्वी पिंजारी तातेच्या कमानीवर लाकडी ठोकळ्याने आघात करत. कंप पावणारी तात तंतू उडवी, त्यांतली धूळ आणि सरकीचा कचरा खाली पडे. आता बहुतेक ठिकाणी दातेरी रुळाचे यंत्र आहे, पण तत्त्व तेच. पश्चिम महाराष्ट्रात हे काम नदाफ, पिंजारी, मन्सुरी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले, आणि सांगली, मिरज, तासगाव, विटा, कराड अशा गावांत ‘गादी कारखाना’ म्हणून पाटी दिसते ती बऱ्याचदा याच परंपरेतली. नुकती भरलेली गादी हाताला फुगीर लागते, खांद्याला जागा देते आणि तळाशी घट्ट होत जाऊन टेकू देते. मध्यम म्हणतात तो आधार हाच. मात्र कापसाच्या तंतूला स्वतःची स्प्रिंग कमी. वाकला की तो पूर्ण सरळ होत नाही, आणि घामाने ओलसर असताना वाकला तर आणखीच कमी. त्यामुळे काही महिन्यांत कंबरेखालची जागा बसते, वर्षा-दोन वर्षांत गाठी होतात, आणि चार-पाच वर्षे न पिंजलेली गादी खरोखरच फळीसारखी होते. कापसाची गादी टोचते, कडक लागते, ही तक्रार बहुतेक वेळा अशा न पिंजलेल्या गादीबद्दल असते. डेन्मार्कच्या अभ्यासातला कडक फ्युटॉन दाखवून कुणी कापसाला नापास ठरवू पाहील, तर त्यालाही उत्तर हेच: तिथे नापास झाला तो कडकपणा.

कापूस कोणता भरला जातो, इथेच गिऱ्हाईक सर्वांत जास्त फसते. सातारा-सांगली हे काही कापसाचे आगर नव्हे. चांगला कापूस विदर्भ, खानदेश, मराठवाड्याकडून येतो. जवळच इचलकरंजी, विटा, माधवनगर यांसारखी सुताची आणि मागांची गावे असल्याने गिरणीतला उरलेला आखूड तंतू, आणि शिलाईच्या चिंध्या फाडून केलेला रंगीत कापूसही भराईला वापरला जातो. गिरणीचा तंतू वाईटच असतो असे नाही, पण तो आखूड असल्याने लवकर बसतो आणि धूळ सोडतो. चिंध्यांच्या कापसात पॉलिएस्टरचे धागे असतात, त्याच्या गाठी वर्षाच्या आत होतात. हे ओळखणे अवघड नाही. खोळ शिवण्याआधी मूठभर कापूस मागून घ्या आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढा. तंतू एकमेकांना धरून लांबत गेले तर कापूस ठीक. लगेच तुटून भुगा झाला, किंवा निळे-लाल धागे दिसले, तर नाही. सूत कातणाऱ्यांना लांब आणि मऊ धाग्याचा कापूस हवा असतो, पण गादीला थोडा राठ, देशी वाणाचा कापूस उलट चांगला, कारण तो फुगलेला जास्त दिवस राहतो. 6 फूट बाय 3 फुटांच्या एकेरी गादीला आठ-दहा किलो कापूस लागतो. त्याहून बराच कमी घातला तर झोपणाऱ्याला खालची कॉट जाणवते. भराई समोर उभे राहून करून घ्यावी, वजन काट्यावर पाहावे आणि टाके जवळजवळ घ्यायला सांगावे, म्हणजे कापूस एका बाजूला सरकत नाही. काटेसावरीचा मऊ, तुळतुळीत कापूस मात्र गादीत घालू नये. तो उशीसाठी फार चांगला, पण माणसाच्या भाराखाली टिकत नाही.

दुसरा पुरावा हवेचा आहे. या दोन जिल्ह्यांत थोड्या अंतरावर हवा टोकाची बदलते. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सांगलीतही शिराळ्याकडचा पाऊस आणि जतचा कोरडा उन्हाळा यांत असेच अंतर आहे. कापूस हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो. आर्द्रता 65 टक्के असताना तो आपल्या वजनाच्या साधारण 7-8 टक्के पाणी धरून असतो, आणि भर पावसाळ्यात हे प्रमाण 20 टक्क्यांपर्यंतही जाऊ शकते. दहा किलोची गादी आषाढात जड लागते तो भास नसतो, दीड-दोन किलो पाणी तिच्यात खरोखर असते. कोरड्या, उष्ण भागात हाच गुण वरदान ठरतो. रात्री अंगातून निघणारा घाम कापूस शोषतो, दिवसा तो उडून जातो आणि पाठ तापत नाही. फोम हवेतला ओलावा असा जवळजवळ शोषत नाही. त्यावर रेक्झिनची खोळ असेल तर एप्रिल-मे महिन्यांत तासगाव-आटपाडीकडे त्यावर झोपणे ही शिक्षाच. ओलसर पट्ट्यात, म्हणजे महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या घाटमाथ्याला, हिशेब उलटतो. तिथे ऊन मिळत नाही तोवर कापसाला बुरशीचा वास येतो आणि धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. हे किडे पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावाच शोषून जगतात; हवा बराच काळ 50 टक्क्यांहून कोरडी राहिली की ते तग धरत नाहीत. दमेकरी माणसाच्या घरात ही गोष्ट गादीच्या मऊपणाइतकीच महत्त्वाची आहे.

म्हणून आपल्याकडची एक जुनी रीत मला फार शहाणपणाची वाटते. घट बसण्याआधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे, वाकळा, चादरी ओढ्यावर, नदीवर धुऊन उन्हात घालायची. पावसाळाभर साठलेला ओलावा, घाम आणि किडे एकदम निघून जातात, आणि ऑक्टोबरचे कडक ऊन याच कामाचे असते. गादी धुता येत नाही, पण खोळ धुता येते, कापूस उन्हात पसरता येतो, पिंजता येतो आणि त्यात किलो-दोन किलो नवा घालून गादी पुन्हा उभी करता येते. फोमचा बसलेला ठोकळा असा दुरुस्त होत नाही. तो टाकूनच द्यावा लागतो आणि मातीत कुजतही नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या पुढे गेले, 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाणी ओसरल्यावर भिजलेले सामान रस्त्यावर टाकताना त्यात गाद्याही होत्या. पुराच्या घाण पाण्यात बुडालेली गादी, कापसाची असो वा फोमची, वापरू नये. कापसाची असेल तर निदान तिची माती होते.

याच्या विरुद्ध बाजूला वजनदार मुद्दे आहेत आणि ते झटकून चालणार नाही. कापसाची गादी जड असते. ती उचलून गच्चीवर नेणे हे बहुतेक घरांत बाईच्याच अंगावर पडते. फ्लॅटमध्ये ऊनच येत नाही. पिंजून देणारे कमी झाले आणि भराईला दिवसभर गादी घराबाहेर राहते. ज्या घरात गादी वर्षा-दोन वर्षांनी पिंजली जाणारच नाही, तिथे कापसाचा आग्रह धरणे चुकीचे आहे. तसेच अंगाने भारी माणूस, नेहमी कुशीवर झोपणारा, गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेतून बाहेर आलेला ज्येष्ठ, यांना चांगल्या फोमची थोडी उंच गादी अधिक सोयीची. खाली बसून उठण्याचा त्रासही त्यात वाचतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची गादी तर डॉक्टरांच्याच सल्ल्याने घ्यावी.

फोम घ्यायचा तर एक गोंधळ आधी दूर करायला हवा. दुकानात ‘32 डेन्सिटी’, ‘40 डेन्सिटी’ असे सांगतात आणि आकडा मोठा म्हणजे गादी कडक, असे गिऱ्हाईक समजते. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचे किलोतले वजन. त्यावरून फोम किती वर्षे टिकेल याचा अंदाज येतो, तो किती कडक याचा नाही. जास्त डेन्सिटीचा फोम मऊही बनवता येतो आणि हलका फोम कडकही. हलका, कडक केलेला फोम दुकानात उत्तम वाटतो आणि दोन वर्षांत मधे खड्डा पडतो. पडताळा घरच्या काट्यावर घेता येतो: 6 फूट बाय 3 फूट, 4 इंच जाडीचा 32 डेन्सिटीचा नुसता फोम सुमारे साडेपाच किलो भरतो, 40 चा पावणेसात. तुकडे चिकटवून केलेला बाँडेड फोम याहून खूप जड आणि फळीसारखा असतो. तो खालच्या थराला ठीक, अंगाखाली नको. रबर लावलेल्या काथ्याची गादी हवेशीर असते, पण एकटी वापरली तर कडक पडते, म्हणून तिच्यावर इंच-दोन इंच मऊ थर असावा. मेमरी फोम उबेने मऊ होतो आणि गारठ्यात घट्ट. पाचगणीच्या डिसेंबरात आणि मिरजेच्या मे महिन्यात तो एकसारखा वागणार नाही, हे जाणून घ्यावा. गादीखाली सामानाची पेटी असलेला बंद दिवाण असेल तर पावसाळ्यात गादी अधूनमधून उभी करून ठेवावी, नाहीतर खालून बुरशी धरते. लोंबलेल्या पट्ट्यांच्या कॉटवर तर कोणतीच गादी सरळ राहत नाही. अशा वेळी दोष गादीला न देता आधी कॉट दुरुस्त करावी.

‘ऑर्थोपेडिक’ ही पाटी वैद्यकीय प्रमाणपत्र नाही, तिच्यासाठी जादा पैसे देऊ नका. दुकानात हाताने दाबून काही कळत नाही. चपला काढून, आपण रोज ज्या कुशीवर झोपतो तसे दहा-पंधरा मिनिटे पडून राहा. उताणे झोपल्यावर कंबरेखाली हात सहज आरपार जात असेल तर गादी कडक आहे. हात घालायला जागाच नसेल आणि कूस बदलायला जोर लावावा लागत असेल तर ती जास्त मऊ आहे. दोघांसाठी गादी असेल तर दोघांनी एकदमच पडून पाहावे, कारण वजनात फरक असला की हलका माणूस जड माणसाकडे घरंगळतो. तसे होत असेल तर दोन एकेरी गाद्या शेजारी घालणे बरे. यात संकोच करण्यासारखे काही नाही, पुढची आठ-दहा वर्षे तिथेच झोपायचे आहे. आणि माळ्यावर जुनी कापसाची गादी पडली असेल, तर नवीसाठी पैसे मोडण्याआधी ती खाली काढा, उन्हात टाका, गावातल्या कारखान्यात पिंजून, दोन किलो नवा कापूस घालून भरून घ्या आणि महिनाभर तिच्यावर झोपा. त्यानंतरही पाठ कुरकुरत असेल, तर खुशाल फोमच्या दुकानात जा.